टाकलेल्या वस्तूचाही हिशोब आहे



हदीसच्या ग्रंथांत एका मेलेल्या बकरीचा प्रसंग आला आहे. श्रद्धावंतांच्या माता ह. मैमूना (रजि.) यांच्या एका मुक्त दासीला सदक्यात मिळालेली बकरी मेली आणि ती तशीच टाकून देण्यात आली. प्रेषित (स.) तेथून जात असता त्यांची दृष्टी तिच्यावर पडली. हिचे कातडे काढून, ते कमावून तुम्ही उपयोगात का आणले नाही, असे त्यांनी विचारले. ही तर मेलेली आहे, असे सोबत्यांनी सांगितले. तेव्हा त्यांनी स्पष्ट केले की मेलेल्या बकरीचे खाणे तेवढे निषिद्ध आहे. हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

धर्मशास्त्राच्या जाणकारांनी या हदीसवरून कमावलेल्या कातड्याच्या शुद्धतेचा नियम काढला. परंतु त्यात आपल्या रोजच्या जीवनासाठी आणखी एक शिकवण आहे. वस्तूचा एक उपयोग संपला म्हणून ती वस्तू संपत नाही. जी गोष्ट अपवित्र म्हणून दूर सारली गेली होती, तीच दबागतीच्या, म्हणजे कातडे कमावण्याच्या प्रक्रियेतून गेली की पाण्याची पखाल होते, बसण्याचे आसन होते. टाकाऊ वस्तूवर प्रक्रिया करून तिला पुन्हा उपयोगी बनविण्याला आज पुनर्चक्रीकरण म्हणतात. शब्द नवा आहे. पण एवढी मोठी जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रेषितांनी रस्त्याकडेला पडलेल्या एका कातड्याचीही विचारपूस केली, ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वीची आहे.

निअमत ही अमानत आहे

पवित्र कुरआनने मानवाला पृथ्वीवरील खलीफा म्हटले आहे (२:३०). खलीफा म्हणजे प्रतिनिधी. प्रतिनिधी मालक नसतो. त्याच्या हाती दिलेले सर्व काही अमानत असते आणि अमानतीचा हिशोब द्यावा लागतो. सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच मर्यादा ओलांडण्यास मनाई केली आहे (७:३१). सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांचे नाते थेट सैतानाशी जोडले आहे (१७:२७). सूरह अर-रूममध्ये जमिनीवर आणि पाण्यात माजलेल्या बिघाडाचे कारण माणसाच्या हातांची कमाई हेच सांगितले आहे (३०:४१). आणि सूरह अत-तकासुरच्या शेवटी बजावले आहे की त्या दिवशी प्रत्येक निअमतीविषयी विचारणा होईल (१०२:८).

काही बांधव म्हणतात, धर्म म्हणजे नमाज, रोजा, जकात आणि हज. कचरा हे ग्रामपंचायतीचे काम. त्यांनी ती सुप्रसिद्ध हदीस आठवावी, जिच्यात ईमानच्या सत्तराहून अधिक शाखा सांगितल्या आहेत. सर्वांत वरची शाखा तौहीदचा कलिमा आणि सर्वांत खालची शाखा म्हणजे वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे. खालची असली तरी ती ईमानचीच शाखा आहे. मग जो वाटेतील काटा उचलणे तर दूरच, उलट स्वतःच्या हाताने वाटेत घाण टाकतो, त्याने आपल्या ईमानच्या त्या शाखेचे काय केले? लोकांच्या वाटेत किंवा सावलीत शौच करणाऱ्यावर लोकांचा धिक्कार ओढवतो, म्हणून त्यापासून दूर राहण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. ती घाण तर काही दिवसांत मातीत मिसळून जाते. जी वस्तू आपल्या नातवंडांच्या काळातही मातीत मिसळणार नाही, ती वाटेत, ओढ्यात, शेतात टाकणाऱ्याची स्थिती काय असेल, याचा प्रत्येकाने विचार करावा.

उकिरडा बदलला, आपण बदललो

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस आणि त्याच्या आसपासची खेडी डोळ्यांसमोर आणा. भोवती काळी जमीन; कापूस, सोयाबीन आणि ज्वारीची शेती. अशा गावांतून पूर्वी कचरा नावाची वस्तू जवळजवळ नव्हतीच. शेण, राख, भाजीची देठे, जनावरांच्या पुढ्यातला उरलेला चारा हे सारे उकिरड्यावर जाई आणि पावसाळ्यापूर्वी खत होऊन शेतात परते. फाटक्या लुगड्यांची वाकळ होई. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देई. जुन्या गादीतला दबलेला कापूस पिंजून पुन्हा मऊ करणारे पिंजारी, पितळी भांड्याला कल्हई लावून त्याचे आयुष्य वाढविणारे कल्हईवाले, विटलेल्या कापडाला पुन्हा रंग देणारे रंगरेज यांच्यात आपल्याच समाजाची कितीतरी घराणी होती. जुन्याला नवे करण्याच्या हलाल कमाईवर ती पिढ्यान्‌पिढ्या जगली. तो वारसा आपला आहे, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

आज उकिरडा तोच आहे, पण त्याच्यात प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याचे पाऊच, वेफर्स आणि तंबाखूच्या पुड्या, लहान मुलांचे डायपर, थर्माकोलच्या ताटल्या आहेत. असे खत शेतात गेले की त्याबरोबर प्लास्टिकही जाते. ते थराथराने साचले की पाणी मुरण्यास आणि मुळे पसरण्यास अडथळा होतो. उष्ट्या अन्नासकट फेकलेली पिशवी गाय-म्हैस गिळते. पोटात प्लास्टिकचा गोळा होतो, रवंथ थांबते आणि मुके जनावर तडफडून मरते. प्राण्यांचेही तुमच्यासारखेच समूह आहेत असे ज्या ग्रंथाने सांगितले (६:३८), तो ग्रंथ मानणाऱ्यांच्या हातून हे घडावे काय?

पुष्कळ घरांत संध्याकाळी कचरा दारातच पेटवून देतात आणि अंगण स्वच्छ झाले असे मानतात. वस्तुतः कचरा नाहीसा होत नाही, तो हवेत जातो. प्लास्टिकच्या धुरात, विशेषतः पीव्हीसी जळताना, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये असतात. तो धूर प्रथम घरातील तान्ह्या बाळाच्या आणि दमेकरी म्हाताऱ्याच्या छातीत जातो. स्वतःला अथवा दुसऱ्याला अपाय होऊ नये, हे शरीअतचे मूलभूत तत्त्व आहे.

शहराची कथा वेगळी नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस अल्लाहच्या हुकुमाने पडला, परंतु पाणी वाहून नेणारी गटारे आणि नाले ठिकठिकाणी तुंबलेले होते आणि ते तुंबविणाऱ्या गोष्टींत प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. पुढे राज्य शासनाने पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदे झाले, पण दंडाच्या भीतीने जेवढे होते तेवढेच झाले. ज्याला पाहणारा कोणी नसतानाही अल्लाह पाहतो आहे याची जाणीव आहे, त्याच्याकडून यापेक्षा अधिक अपेक्षा आहे.

जुनी वस्तू नवी कशी होते?

आपण भंगारवाल्याला दिलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गावातील भंगारवाला माल निवडतो, मोठ्या व्यापाऱ्याला विकतो आणि तेथून तो कारखान्यात जातो.

धातूचे काम सर्वांत चांगले होते. आपल्या शेजारच्या जालन्यातील पोलाद कारखान्यांत भंगार लोखंड भट्टीत वितळवून घरबांधणीच्या सळया तयार करतात. गावातील मोडका पलंग उद्या कोणाच्या घराच्या छतात आधार म्हणून उभा राहतो. ॲल्युमिनियम खनिजापासून काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुने पातेले वितळवून नवे ॲल्युमिनियम मिळते. काच फोडून, वितळवून कितीही वेळा नवी करता येते. तिचा कस कमी होत नाही.

कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात, शाई काढतात आणि पुन्हा कागद पसरतात. प्रत्येक वेळी त्याचे तंतू आखूड होतात, म्हणून पाच-सात वेळांनंतर तो कागद होण्यास योग्य राहत नाही. तेलकट, खरकटा कागद तर पहिल्याच वेळी बाद होतो. म्हणून कोरडे कोरड्यात ठेवण्याला इतके महत्त्व आहे.

प्लास्टिकचे काम कठीण आहे. प्लास्टिक हे एका वस्तूचे नाव नसून अनेक प्रकारांचे नाव आहे. बाटलीच्या किंवा डब्याच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. तो त्या प्लास्टिकचा प्रकार सांगतो. प्रकारवार निवड करून, धुऊन, त्याचे तुकडे करतात. ते वितळवून त्याचे दोर ओढतात आणि कापून दाणा बनवितात. त्या दाण्यापासून नळ्या, बादल्या, चटया होतात. मुंबईची धारावी आणि आपले मालेगाव येथे हा व्यवसाय मोठा आहे आणि त्यात आपल्या समाजाचे असंख्य हात राबतात. ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्यांनाही या मार्गाने नवे जीवन मिळते; त्या बांधावर जाळणे म्हणजे पैसा आणि प्रकृती दोन्ही जाळणे होय.

मात्र येथे एक सत्य लपवू नये. दर वेळी वितळविल्यावर प्लास्टिकचा दर्जा घसरतो. वेफर्सच्या आणि तंबाखूच्या पुड्यांत वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणे २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले. जे कचरा झाले त्यापैकी केवळ ९ टक्क्यांचे पुनर्चक्रीकरण झाले, १२ टक्के जाळले गेले आणि उरलेले ७९ टक्के कचऱ्याच्या ढिगांत किंवा निसर्गात पडून राहिले. यावरून धडा हा की पुनर्चक्रीकरण हा उधळपट्टीचा कफ्फारा नव्हे. आधी कनाअत, म्हणजे गरजेपुरतेच घेणे. मग घेतलेली वस्तू दुरुस्त करून पुन्हा पुन्हा वापरणे. आणि अगदी शेवटी तिला कारखान्याकडे पाठविणे, असा क्रम आहे. प्रेषित (स.) स्वतःची पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत आणि कपडे स्वतः शिवत, असे ह. आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. फाटले की फेकले, ही सुन्नत नाही.

ओल्या कचऱ्याला तर कारखान्याचीही गरज नाही. खरकटे, साली, पाला आणि शेण यांचे ओले-सुके थर खड्ड्यात रचून, ओलावा राखून, मधूनमधून वरखाली केले की आतील उष्णता ६० अंशांच्या आसपास चढते. तणांचे बी आणि रोगजंतू मरतात आणि काही महिन्यांत काळेभोर खत तयार होते. हाच कचरा हवा न लागता मोठ्या ढिगात कुजला तर त्यातून मिथेन निघतो आणि तो वातावरण तापवितो. सामग्री एकच, व्यवस्था केली तर निअमत, टाकून दिली तर आफत.

आपल्या घरातील तीन प्रसंग

पहिला प्रसंग वलीम्याचा. पाचशे पाहुण्यांच्या जेवणात प्रत्येकी एक ताटली, एक वाटी, एक पेला, एक चमचा आणि एक पाण्याचा पाऊच धरला तरी एका दुपारीच अडीच हजार वस्तू फेकल्या जातात. ह. सफिय्या (रजि.) यांच्याशी झालेल्या निकाहनंतर प्रेषितांनी (स.) जो वलीमा दिला, त्यात चामड्याचा दस्तरख्वान अंथरून त्यावर खजूर, सुके दही आणि तूप ठेवले होते. दस्तरख्वान उचलला, झटकला, पुन्हा वापरला. मागे काही उरले नाही. आपल्या अनेक गावांत जमातीच्या मालकीच्या देगा आणि ताटे आहेत. तेथे त्यांचा वापर पुन्हा सुरू करावा. जेथे नाहीत तेथे एखाद्या सधन बांधवाने शंभर-दोनशे ताटे वक्फ करावीत. ताटे जोवर वापरात राहतील तोवर त्यांचे पुण्य त्याच्या खात्यात जमा होत राहील, इन्शाअल्लाह. तेही शक्य नसेल तर पळसाच्या पानांच्या पत्रावळी आहेतच.

दुसरा प्रसंग ईदुल अजहाचा. ह. अली (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) कुर्बानीच्या उंटांचे मांसच नव्हे, तर कातडी आणि पाठीवरच्या झुलीही सदका करण्यास सांगितले आणि खाटकाची मजुरी त्यातून देण्यास मनाई केली. गेल्या काही वर्षांत कातड्यांचे भाव पडले, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती उघड्यावर टाकली जातात. भाव पडला म्हणून अमानत संपत नाही. कातडे काढताच काही तासांत त्याला भरपूर मीठ लावले तर ते टिकते आणि मदरशाला किंवा व्यापाऱ्याला देता येते. स्वतःच्या वापरासाठी कमावून घेणेही योग्य आहे. मात्र विकले तर त्याची किंमत गरिबांचा हक्क आहे. रक्त, आतडी आणि इतर उरलेले खोल खड्ड्यात पुरावे. आपल्या इबादतीमुळे शेजाऱ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, नाक धरावे लागू नये.

तिसरा प्रसंग मुबारक कागदांचा. कुरआनची जीर्ण पाने, अल्लाहचे नाव असलेली दिनदर्शिका, लग्नपत्रिका किंवा हे मासिकसुद्धा रद्दीत सरसकट घालू नये. अशी पाने स्वच्छ कापडात गुंडाळून, पायदळी येणार नाही अशा जागी दफन करावीत, असे अनेक विद्वानांनी सांगितले आहे. ह. उस्मान (रजि.) यांनी प्रमाणित प्रती तयार करवून घेतल्यावर इतर लिखित पाने जाळविली होती, त्याआधारे आदरपूर्वक जाळण्यासही काहींनी संमती दिली आहे. आपल्या मशिदीत अशा पानांसाठी एक वेगळी पेटी असावी. आणि मुळात, दोन दिवसांत टाकून दिल्या जाणाऱ्या पत्रिकेवर पवित्र आयती छापण्याचा मोह आवरावा.

कचरा वेचणारे हात

प्रेषितांच्या (स.) मशिदीत झाडलोट करणारी एक काळी स्त्री होती. ती मरण पावली तेव्हा सोबत्यांनी तिचा मृत्यू किरकोळ समजून प्रेषितांना कळविले नाही. ती दिसेना म्हणून त्यांनी चौकशी केली, आपल्याला का कळविले नाही असे विचारले, तिची कबर दाखविण्यास सांगितले आणि तेथे जाऊन तिच्यासाठी प्रार्थना केली. ज्यांना समाज किरकोळ समजतो, त्यांचे मोल अल्लाहच्या प्रेषितांनी असे केले.

आज आपल्या दारात येणारा भंगारवाला, पाठीवर गोणी घेऊन फिरणारी स्त्री, यांना आपण काय देतो? फुटकी काच, वापरलेली सुई, मुलाचा डायपर आणि खरकटे एकाच पिशवीत. त्यात हात घालणारा हात कोणाच्या तरी आईचा असतो. पुण्यात कचरा वेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेच्या सहकार्याने घरोघरचा कचरा गोळा करू लागली. ज्यांना लोक हाकलत होते, त्या स्त्रिया ओळखपत्र घेऊन सन्मानाने दारात उभ्या राहिल्या. आपल्या गावात एवढी मोठी व्यवस्था नसेल, पण कचरा वेगळा करून देणे, एक पेला पाणी आणि दोन आदराचे शब्द देणे यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

या व्यवसायातील आपल्या बांधवांनाही नम्र विनंती आहे. वजनकाटा सरळ ठेवावा. मापात कमी देणाऱ्यांविषयी एक पूर्ण सूरहच उतरली आहे. शेतातून चोरलेली मोटार किंवा तार स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. ज्या शेतकऱ्याचे पीक त्यामुळे वाळते, त्याच्या तळतळाटात खरेदीदारही भागीदार होतो. तांबे काढण्यासाठी वस्तीत तारा जाळू नयेत. लहान मुलांना शाळेऐवजी गोणी देऊ नये. एवढे पाळले तर हा व्यवसाय हलाल कमाई तर आहेच, शिवाय पृथ्वीची सेवाही आहे.

एकाच नावेतील प्रवासी

बुखारीतील नावेचा दृष्टान्त आपण ऐकलेला आहे. काही लोक नावेच्या वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे, म्हणून त्यांनी आपल्याच भागात भोक पाडण्याचे ठरविले. वरच्यांनी त्यांना अडविले नाही तर सारेच बुडतील; हात धरला तर सारेच वाचतील. आपल्या परभणी जिल्ह्यातील ओढ्यांचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यात जाते आणि खाली नांदेडजवळ विष्णुपुरीच्या प्रकल्पात तेच पाणी अडवून लाखो लोकांना पाजले जाते. आपण ओढ्यात जे टाकतो ते आपल्या नजरेआड होते, पण कोणाच्या तरी घागरीत पोहोचते. माझ्या अंगणातील कचरा हा माझा प्रश्न, असे म्हणणारा नावेला भोक पाडणाऱ्यासारखाच आहे. आणि पाहून गप्प बसणारा वरच्या मजल्यावरील प्रवासी आहे.

म्हणून येत्या जुम्यापासून एवढे तरी करावे. घरात तीन डबे ठेवावेत: ओला, कोरडा आणि औषधे, सुया, पेशी, बल्ब यांसारखा घातक. ओल्याचे खत परसात किंवा शेतातच करावे. कोरडे धुऊन भंगारवाल्याला द्यावे. कीटकनाशकाचा रिकामा डबा घरात पाण्यासाठी कधीही वापरू नये; तो भोके पाडून निरुपयोगी करावा. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यावी. मशिदीच्या वजूखान्याचे पाणी गटारात न सोडता झाडांना द्यावे, प्रेषित (स.) सुमारे एक मुद, म्हणजे ओंजळभर पाण्यात वजू करीत, हे स्मरून नळही बेताचा सोडावा. आणि माता-भगिनींनी मुलांना लहानपणीच शिकवावे की ताटातील पडलेला घास साफ करून खाणे ही सुन्नत आहे. ज्याला घास टाकवत नाही, त्याला पुढे काहीच सहज टाकवणार नाही.

कणभर सत्कृत्यही त्या दिवशी दिसेल आणि कणभर दुष्कृत्यही (९९:७-८). हे अल्लाह! तू दिलेल्या निअमतींची कदर करण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमची घरे, आमचे ओढे आणि आमची शेते आमच्या हातून बिघडण्यापासून वाचव. जे आमची घाण उचलतात त्यांच्या रोजीत बरकत दे आणि आमच्या मनात त्यांच्याविषयी आदर दे. आमच्या मुलांच्या हाती आम्हाला मिळाली त्याहून चांगली जमीन सोपविण्याचे सामर्थ्य दे. आमीन.